वहीत लिहिलं की कापायचं

३ जानेवारी

ति. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इतक्या लवकर उत्तर आलेलं बघून पोस्टमनने चुकून दुसऱ्याचं टाकलं असं समजू नकोस, मीच लिहिते आहे. फोनवर तू "काय? काय?" करतेस, मी ओरडून सांगते, आणि आमच्या घरातली खबर तुझ्याआधी समोरच्या चपलांच्या दुकानात पोचते. तुझे कान गेले ते वाईटच झालं, पण माझ्यासारखी आळशी बाई त्यामुळे पत्र लिहायला लागली.

मास्तरांचं विचारलं आहेस. झटका येऊन सात महिने झाले, आहेत तसेच आहेत. उजवा हात मांडीवर पडून असतो. बोलणं गेलं ते गेलंच, एक शब्द परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं त्यांना कळतं, वाचलेलं कळतं की नाही ते सांगता येत नाही. दर बुधवारी बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. त्यांच्या पिशवीत चित्रांचे पत्ते असतात, कप, चावी, कुत्रा असे. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या अंगावर नीट बसणारे कोट कापले, त्याला त्या विचारतात, यातला कुत्रा कुठला? मास्तर पत्ते बाजूला सारतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. बाई बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण मला तेव्हा तिथे थांबवत नाही.

दुकानात कापायचं काम बंद आहे. मी शिवणारी, ते कापणारे, असंच लग्नापासून चाललं. कात्री त्यांची. मला कापता येत नाही असं नाही, पण ते समोर खुर्चीत बसलेले असताना त्यांची कात्री उचलायची म्हणजे छाती होत नाही. म्हणून चेन बदलून द्या, कंबर सैल करा, बाही आखूड करा, एवढीच कामं घेते. सकाळी त्यांना उठवते, अंघोळ घालते, शर्टाची बटणं लावते, खुर्ची खिडकीशी लावते, दुकान उघडते. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने.

"तुला काय हवंय?" असं शेवटी विचारलं आहेस. वाचून हसूच आलं. हे मला आजवर कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. शर्टाचं बटण मला कुठल्या शर्टाला लावा असं सांगत नाही, तशातली गत.

तुझी,
ठमी


११ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

बटणाची गोष्ट सांगून सुटशील असं वाटलं का? तू लहानपणापासून घुमी. मार बसला तरी का रडतेस ते सांगायची नाहीस, आणि मग माझ्या शेजारी झोपून माझी उशी ओली करायचीस. पासष्टी ओलांडली तरी मी तुझी थोरली बहीण आहे आणि तीस वर्षं मुख्याध्यापिका होते, तेव्हा मुकाट्याने ऐक.

इथल्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आम्ही सात जण जमतो. एक निवृत्त पोस्टमन आहेत, एक दातांच्या डॉक्टरीण आहेत. सगळे स्वतःबद्दल लिहितो. गोष्टी-कविता नाही, नुसतं मनातलं. मला आधी वाटलं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. पण तुझे भावजी गेल्यावर दोन वर्षं मी का चिडचिड करत होते, ते मला त्या वहीने सांगितलं. ते इथे लिहीत नाही, भेटीत सांगीन.

पद्धत सोपी आहे. रोज सकाळी एक पान. तीन प्रश्न. काल काय झालं? तेव्हा मला काय वाटलं? आणि मला काय हवंय? खोडायचं नाही, शोभून दिसायला लिहायचं नाही. आणि मुख्य म्हणजे चाळीस दिवस मागचं पान उलटून बघायचं नाही. पेरलेलं बी रोज उकरून बघितलं तर उगवत नाही. चाळीस दिवस झाले की सगळं सलग वाचायचं आणि आपलं ध्येय एका वाक्यात लिहायचं. त्याच्या आधी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

एक नवी वही आण. आळस नको. मास्तरांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई


१ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. नमस्कार.

पंधरा तारखेला सुरुवात केली, आज अठरावं पान लिहिलं. नवी वही आणली नाही, रागावू नकोस. दुकानाच्या मापवहीत सात-आठ महिन्यांपासून कोरी पानं पडून आहेत, तीच घेतली. दुकान उघडायच्या आधी, मास्तर खुर्चीत बसले की, मी कापायच्या टेबलाशी उभी राहून लिहिते. उभ्याने लिहिलं की फार पाल्हाळ होत नाही.

आमची मापवही तू बघितली नसशील. डाव्या पानावर माप, उजव्या पानावर गिऱ्हाइकाचं म्हणणं: पोटावर सैल, खिसा आतून, असं. मास्तरांचा नियम आहे, वहीत लिहिलं की कापायचं, पुन्हा विचारायचं नाही, आणि कापल्यावर बदल नाही. तशी पाटीच आहे दुकानात. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका किरकिऱ्या गिऱ्हाइकाच्या पानावर मी गंमत म्हणून लिहिलं, "एक खिसा पाठीवर." दोन दिवसांनी कोटाची पाठ माझ्या मशीनवर आली तर तिच्यावर खडूने खिशाची खूण, बरोबर मधोमध. मी हसत सुटले. मास्तर हसले नाहीत. "वहीत आहे," म्हणाले. मग मीच हातापाया पडून नवं कापड कापून घेतलं. तेव्हापासून मापवहीत मी थट्टा केली नाही.

आता खरं काय ते सांगते. पहिले पाच दिवस मी तिसऱ्या प्रश्नाला झोप, झोप, झोप असंच लिहिलं. सहाव्या दिवशी हाताने आपोआप लिहिलं, "मला इथून जायचंय." माझीच मला भीती वाटली. सातव्या दिवशी मुद्दाम दुसरं काही लिहायला गेले तर पुन्हा तेच. नवव्या दिवशी तर लिहिलं की त्यांच्या शर्टाची बटणं लावताना माझे हात माझे वाटत नाहीत. असं कोणी बायको लिहिते का?

आणि नेमकं याच दिवसांत हे पत्र यावं. शिवणकाम शिकवणाऱ्या एका केंद्राच्या प्रमुख बाई माझ्याकडे कपडे शिवून घ्यायच्या, त्यांची आता दुसऱ्या गावी बदली झाली आहे. त्यांना कटिंग शिकवायला कोणीतरी हवंय, आणि त्यांना मी आठवले. तीस मुली, मोठं टेबल, स्वतंत्र खोली. पण खोली एकटीसाठी आहे, कुटुंब नेता येत नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. पंधरा मार्चपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे.

तू वही कुलपात ठेव म्हणशील. त्याची गरज नाही, वाचलेलं त्यांना कळत असेल असं वाटत नाही. मास्तर डाव्या हाताने वही चाळतात अधूनमधून, जुनी सवय. जुने आकडे बघत असतील. मी बघते आणि मशीनकडे वळते.

तुझी,
ठमी


७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले आणि अभिमानही वाटला. सहाव्या दिवशी हाताने आपोआप लिहिलं म्हणतेस, तेच खरं. आमच्या पोस्टमनसाहेबांचंही असंच झालं होतं. डोकं खोटं बोलतं, हात बोलत नाही.

असं कोणी बायको लिहिते का, म्हणून विचारतेस. लिहिते. न लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, एवढाच फरक. तू अठ्ठेचाळीसची आहेस, मास्तर साठीला आले. तुझ्यापुढे अजून बरंच आयुष्य आहे. मास्तरांची सोय करायचं आपण बघू, जगात सेवागृहं आहेत, भले लोक आहेत. तू त्याची काळजी करत लिहिणं सोडू नकोस. तुझं ध्येय तुला दिसायला लागलंय.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार.

डाव्या हाताने लिहितो. अक्षर माफ करा. एवढं लिहायला तीन दिवस लागले.

मला वाचता येतं. बुधवारच्या बाईंना दोन आठवड्यांपूर्वी कळलं. मीच कोणाला सांगू नका म्हणून लिहून दिलं. ठमीला माहीत नाही.

तिने वहीत लिहिलंय. तिला जायचंय. सहावं पान. सातवं. नववं. अकरावं. पुढे रोज. अठरा पानं वाचली. नंतरची वाचली नाहीत. दुसऱ्याचं जास्त वाचू नये. माप कळलं की पुरे.

रुग्णालयाच्या मागे सेवागृह आहे. एक पलंग रिकामा आहे. बाईंनी चौकशी केली. नातेवाइकाची सही लागते. तिला मागितली तर देणार नाही. तुम्ही थोरल्या आहात. कागद सोबत पाठवतो. सही करून बाईंच्या पत्त्यावर पाठवा.

परवा तिने माझ्या कात्रीने कोट कापला. पहिल्यांदा. चांगला कापला. आता तिचं माझ्यावाचून अडत नाही.

ती सकाळी बटणं लावताना रडते. मला कळत नाही असं तिला वाटतं. तिला सांगू नका.

मास्तर


१९ फेब्रुवारी

श्री. मास्तर यांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र चारदा वाचलं. तीस वर्षं मुलांची अक्षरं तपासली, पण एका अक्षरापाशी इतका वेळ कधी थांबले नव्हते.

ठमीला न सांगता हे करणं माझ्या मनाला पटत नाही. पण सांगितलं तर ती होऊ देणार नाही, जन्मभर त्या खुर्चीशी उभी राहील आणि आतून वाळत जाईल, हेही मला दिसतंय. तुम्ही जे करताय ते करायला फार मोठं मन लागतं. तिला काय हवंय हे तुम्हाला तिच्याआधी कळलं.

सही करून कागद बाईंना आजच पाठवला. तिथे तुमची आबाळ होणार नाही याची मी चौकशी करीन. मी तुमची ऋणी आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. नमस्कार.

काल चाळीसावं पान झालं. आज सकाळी स्टूलवर बसून सगळी वही सलग वाचली. दुकान अकरापर्यंत उघडलं नाही. समोरच्या चपलावाल्याने विचारायला माणूस पाठवला, मास्तर बरे आहेत ना.

ताई, माझ्या वहीत दोन बायका आहेत. पहिल्या अठरा-वीस पानांतली एकच रडगाणं गाते, जायचंय, जायचंय. एकविसाव्या पानावर दुसरी तिला विचारते, जाऊन काय? मी खरंच तसं लिहिलंय, मला आठवतही नव्हतं. तिथे संध्याकाळी खोलीत बसून कोणाला सांगशील, आज कोणी बाहीचा मुंढा उलटा कापला? त्याच्यावर हसणार कोण?

आणि मग एकोणतिसावं आणि तिसावं पान. आदल्या दिवशी एक बाई लांब कोटाचं कापड घेऊन आल्या. मास्तरांची ख्याती ऐकून दोन गावं ओलांडून आल्या होत्या. त्यांना परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. माप घेतलं, वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांसमोर त्यांची कात्री उचलली. ते बघत होते. पाठ कापली, पुढचे भाग कापले. मुंढ्यापाशी खडूची रेघ ओढली आणि कात्री लावणार, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर टकटक केलं. मी थांबले. खडू अर्धा इंच आत घेतला. टकटक थांबली. त्या अर्ध्या इंचाने कोट वाचला, नाहीतर काखेत ओढला गेला असता. आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून काहीतरी केलं.

मला कुठे जायचं नव्हतं, ताई. मला कात्री हवी होती. बावीस वर्षं मी त्यांनी कापलेलं शिवलं आणि मला कधी वाटलंच नाही की मला कापायचंय. हात गेला तो त्यांचा आणि मी मात्र माझेच दोन्ही हात बांधून बसले होते. तू सांगितलंस तसं चाळीसाव्या पानाखाली एका वाक्यात लिहिलं: "मला मास्तरांच्या समोर कापायचंय." पहिल्या बाईची पानं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती दमलेली बाई खरी होती, अजून आहे, सकाळी बटणं लावताना भेटते. पण तिच्या हातात सगळं द्यायचं नाही एवढं मला कळलं.

केंद्राला नकार लिहून ठेवलाय, एक तारखेनंतर टाकीन. आणि हे मास्तरांना तोंडाने कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव करतेय. म्हणजे ते ऐकतील, पण मला बोलता यायला हवं ना.

तुझे किती उपकार मानू? सांगून टाकते, मी हे सगळं तुझं खूळ समजत होते.

तुझी,
ठमी


२८ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र हातात पडताच दुकान बंद करून मास्तरांपाशी बस आणि त्यांना चाळीसावं पान दाखव. त्यांना वाचता येतं. त्यांनी तुझी पहिली अठरा पानं वाचली आहेत आणि ते सेवागृहात जायला निघाले आहेत. नातेवाईक म्हणून सही मी केली. तुला सांगू नका म्हणाले आणि मी सांगितलं नाही.

ग्रंथालयातल्या कारकुनाकडून दुकानात दोनदा फोन करवला. दोन्ही वेळा उचलला गेला, पण पलीकडून कोणी बोलेना. त्याला वाटलं लाइन खराब आहे. मला मात्र कळलं फोन कोणी उचलला ते.

त्यांना थांबव. मला नंतर हवं ते बोल.

ताई


५ मार्च

ताई,

तुझं पत्र तीन तारखेला आलं. मास्तर दोन तारखेला गेले.

सकाळी मी अस्तराचं कापड आणायला घाऊक बाजारात गेले होते. तासाभरात परत आले तर खुर्ची रिकामी. बुधवारच्या बाई दारात उभ्या होत्या, रडून रडून त्यांचं नाक लाल झालेलं. म्हणाल्या, त्यांनी स्वतःहून लिहून दिलं, तुमच्या बहिणीची सही होती, मला वाटलं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांना काय बोलू? टेबलावर मापवही उघडी होती, सहाव्या पानावर. माझ्या ओळीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "कापून झालं."

मी तशीच अस्तराची पिशवी हातात घेऊन सेवागृहात गेले. लांबट खोली, सहा पलंग, त्यांचा खिडकीजवळचा. वही त्यांच्या मांडीवर ठेवली, चाळीसावं पान काढलं. त्यांनी वाचलं, ताई. ओठ हलवत सावकाश वाचलं. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी पानं मागे उलटली, सहाव्या पानावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. कापल्यावर बदल नाही. माणूस आहे की पाटी आहे, असं मी तिथे सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांनी माझा हात थोपटला, जसं रडणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावतात.

त्यांना वाटत असेल, मी चाळीसावं पान दयेपोटी लिहिलं. किंवा पहिलंच माप खरं, नंतरची सगळी पाहुण्यांसमोर पोट आत घेऊन दिलेली. काय वाटत असेल ते असो, पलंगाची कड धरून बसले ते बसले.

तुला एकच गोष्ट सांगायची आहे, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी "चला" म्हटलं. पुन्हा एकदा "चला" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. मला म्हणता आलं असतं. दाराशी येऊन मी थांबले आणि माझ्यातली ती सहाव्या पानावरची बाई म्हणाली, बघ, तू विचारलंस, दोनदा विचारलंस. आणि मी बाहेर पडले.

मी तुझ्यावर रागावले आहे. फार रागावले आहे. पण तुझ्यावर रागावायला लागले की फिरून माझ्यापाशीच येते, म्हणून ते अर्धवटच राहतं.

ठमी


११ मार्च

चि. ठमीस,

बैल गेला आणि झोपा केला, असं माझं झालं. चाळीस दिवस थांब, मधे निर्णय घेऊ नकोस, असं तुला मीच शिकवलं, आणि तू अठराव्या दिवशी लिहिलेल्या पत्रावर मीच धावले. मला वाटलं मी तुझं मन वाचतेय. मी माझंच वाचत होते. तुझे भावजी आजारी असताना दीड वर्ष मी रोज जायचंय, जायचंय म्हणत होते, तोंड उघडून एकदाही म्हणाले नाही. भेटीत सांगीन म्हणाले होते ना, ते हे.

सेवागृहाला लिहिलं की सही मागे घेते. त्यांचं उत्तर आलं, रुग्णाची स्वतःची इच्छा लेखी आहे, तुमच्या सहीने आता काही होत नाही. बुधवारच्या बाईंना लिहिलं, त्यांनाही वाईट वाटतंय. यापुढे कोणाला लिहू? मास्तरांना चार पानी पत्र लिहिलं, उत्तर नाही.

शनिवारच्या गटाला मी गेले नाही.

पंधरा तारीख जवळ आली. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. मला ते सांगायचा अधिकार उरलेला नाही.

ताई


२६ एप्रिल

ति. ताईस,
सा. नमस्कार.

दीड महिना लिहिलं नाही. राग होता असं नाही, काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

पत्त्यावरून तुला कळलंच असेल. चौदा मार्चला मी मास्तरांना भेटायला गेले तर त्यांनी कागदावर "उद्या पंधरा" एवढंच लिहून माझ्यासमोर धरलं. केंद्राचं पत्र वहीतच होतं, त्यांनी वाचलेलं होतं. मी परत आले, लिहून ठेवलेला नकार फाडला आणि होकार टाकला. का, म्हणून विचारशील तर मलाही सांगता येत नाही. रिकाम्या खुर्चीसमोर कापायला मला जमेना. दोनदा कात्री उचलली, दोनदा ठेवली. दुकानाची किल्ली मालकाला दिली. कात्री मात्र माझ्याबरोबर आणली आहे.

मार्च संपता संपता मास्तरांना पुन्हा एक झटका आला. लहानसाच, असं डॉक्टर म्हणाले. त्यात लिहिणं गेलं. वाचणंही गेलं, असं या खेपेला बाई खात्रीने सांगतात. पण त्याच आठवड्यात एक शब्द परत आला. "हो." बाईंनी मला आनंदाने फोन केला, त्या खोलीतल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मीही इथे एकटी खोलीत बसून रडले, आनंदाने.

दर रविवारी मी दोन तास बसने त्यांच्याकडे जाते. पहिल्या रविवारी त्यांच्या तोंडून आवाज ऐकून मला इतका धीर आला की जे विचारायचं होतं ते सगळं एका दमात विचारलं. तुम्ही माझ्यासाठी इथे आलात ना? हो. म्हणजे तुम्हाला इथे राहायचं नव्हतं? हो. की तुम्हालाच माझा कंटाळा आला होता? हो. चाळीसावं पान तुम्हाला खरं वाटलं होतं का? हो. खोटं वाटलं होतं? हो. घरी चला, दुसरं दुकान बघू. हो, हो. प्रत्येक वेळी तितक्याच मायेने, माझ्या तोंडाकडे बघत. मी त्यांचा शर्ट काढून आणला, बूट पुढे ठेवले, तर उठले नाहीत. नुसते हसले. बाईंनी मला बाहेर नेलं आणि समजावलं की त्यांना तो एकच शब्द निघतो, त्याचा अर्थ धरू नका. कशाचा अर्थ धरू, ते त्यांनीही सांगितलं नाही.

तू मला तीन प्रश्न दिलेस, ते माझ्यापुरते बरोबर होते. मला काय वाटतं ते मी चाळीस पानांत शोधलं. त्यांना काय वाटत होतं, ते त्यांनी मला दोनच शब्दांत लिहिलं आणि माझ्याकडून ते वाचायचं राहून गेलं असेल, किंवा बरोबर वाचलं असेल. आता कोणाला विचारणार? तुझ्या शनिवारच्या सात जणांपैकी कोणाला माहीत असेल तर विचार.

आता इथलं. तीस मुली आहेत. त्यातली एक डावरी आहे, तिच्यासाठी मी उलटी कात्री मागवली. टेबल इतकं मोठं आहे की दोन कोट शेजारी शेजारी मांडता येतात. मुली मला "मॅडम" म्हणत होत्या, आता "मास्तर" म्हणायला लागल्या आहेत, मी त्यांना थांबवलं नाही. सकाळी जाग येते तेव्हा पहिला विचार येतो की आज मुंढा शिकवायचा आहे, आणि मी पटकन उठते. कोणाची बटणं लावायची नसतात. मला इथे आवडतं, ताई. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फार आवडतं. आणि मला ते सहन होत नाही. आवडलं नसतं तर मी परत गेले असते, चुकलं म्हटलं असतं, त्यांच्या पायाशी बसले असते. आता तेही करता येत नाही.

पुढच्या रविवारी मुलींची पहिली परीक्षा आहे. मला इथे थांबावं लागेल. काल मास्तरांना सांगताना शब्द जुळवत होते, दोन महिन्यांपूर्वी जुळवत होते तसेच. शेवटी म्हटलं, पुढच्या रविवारी मी येत नाही, चालेल ना?

"हो," म्हणाले.

आणि मला हायसं वाटलं.

तुझी,
ठमी